पुस्तकाची बारी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. जुन्या उत्तरपत्रिका, बंद पडलेलं घड्याळ, कुणाची तरी छत्री, निवृत्त झालेल्या एका सरांचा चष्मा, असं काय काय त्यात साठलंय. कुणी ठेवलं ते आठवत नाही आणि काढायला कुणाला सवड नाही. किस्स्यांचं तसंच होतं. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात इतकी वर्षं चहा प्यायल्यावर माझ्याकडेही बरेच साठलेत. त्यातले पुस्तकांचे तेवढे आज सांगते.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. मी मराठी विभाग. विभागात आहे असं नव्हे, विभागच आहे! दुसरं कुणी नाही. चौकसे सर कॉमर्सचे. घरी हिंदी, बाजारात हिंदी, आमच्याशी मराठीत सुरू करतात आणि तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरतात. सोनवणे सर इंग्रजीचे, मे महिन्यातसुद्धा कडक इस्त्रीत. आणि महाजन सर भूगोलाचे, दापोऱ्याच्या केळीवाल्या घरातले. बोलणं कमी, चहा जास्त.

आम्हा मास्तर लोकांना प्रमोशनसाठी पॉइंट लागतात आणि पॉइंटसाठी पुस्तक लागतं. पूर्वी पुस्तक निघालं की प्रकाशक लेखकाला काहीतरी द्यायचा. निदान पाच प्रती आणि एक कप चहा तरी. मग नवी रीत आली. लेखकानेच पैसे भरायचे, पुस्तक इंटरनेटवर ठेवायचं आणि जगात कुणीही ते फुकट वाचायचं. याला म्हणतात ओपन ॲक्सेस. कल्पना वाईट नाही हो! पण बुऱ्हाणपूरला पोचेपर्यंत तिचं काय झालं, ते ऐका.

*

सुरुवात ईमेलने झाली. रोज सकाळी कुठल्या तरी प्रकाशनाचं पत्र. 'थोर विद्वान महोदय, आपल्या कार्याने आम्ही भारावून गेलो आहोत. आपलं पुढचं पुस्तक आमच्याकडूनच यावं.' मला आलं, सोनवणे सरांना आलं. चौकसे सरांना तर मत्स्यशेतीवर पुस्तक लिहायचं आमंत्रण आलं. चौकसे सर म्हणजे कांदाही न खाणारा माणूस!

"अरे, मना करणं तं आपलं फर्ज आहे," असं म्हणून त्यांनी सभ्यपणे उत्तर लिहिलं. दोन ओळींचं. मी वाणिज्य शिकवतो, माझ्याकडे असं कुठलंही पुस्तक नाही, क्षमस्व.

आठवड्याने उत्तर आलं. 'आपलं हस्तलिखित मिळालं. आमच्या दोन तज्ज्ञांनी ते बारकाईने वाचलं असून मांडणी नेमकी व संक्षिप्त असल्याचं कळवलं आहे. किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकारत आहोत. कृपया शुल्क भरावे.'

चौकसे सरांनी ते पत्र आम्हाला तीनदा वाचून दाखवलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "संक्षिप्त तो था, मॅडम. ये तो मानना पड़ेगा."

*

सोनवणे सरांनी मात्र पैसे भरले. दिल्लीकडची कुठली तरी कंपनी होती. सरांनी आपला जुना प्रबंध पाठवला आणि तो महिन्याच्या आत पुस्तक होऊन इंटरनेटवर लागला. सर आनंदात! कॉलेजात पेढे वाटले, फेसबुकवर लिंक टाकली. "आता अर्जेंटिनातला माणूससुद्धा मला वाचू शकतो," असं महिनाभर ऐकवलं. अर्जेंटिनाच का, ते कुणी विचारलं नाही.

पुढे प्रमोशनची मुलाखत आली. समितीत बाहेरून आलेल्या एक मोठ्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, पुस्तक दाखवा. सर ऐटीत म्हणाले, "ओपन ॲक्सेस आहे मॅडम, इथेच उघडतो." समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टर लागलेला. सरांनी लिंक दाबली.

भिंतभर साड्या आल्या. काठापदराच्या, जॉर्जेटच्या, दोनवर एक फुकट. ती कंपनी केव्हाच उठून गेली होती आणि तिचा इंटरनेटवरचा पत्ता कुणा साडीवाल्याने घेतला होता. सर पुनःपुन्हा लिंक दाबायचे आणि दर वेळी नवी साडी यायची!

सरांच्या कपाळावर घाम. शेवटी मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, "जरा थांबा. ती मोरपंखी पुन्हा दाखवता का?"

प्रमोशन पुढच्या वर्षावर गेलं. आम्ही सरांना हसलो, नाही कशाला म्हणू? पण घरी आल्यावर मला वाईट वाटलं. प्रबंध चांगला होता त्यांचा. आता तो अर्जेंटिनात नाही आणि बुऱ्हाणपुरातही नाही.

*

महाजन सरांचं पुस्तक ही वेगळी गोष्ट. ते खरं पुस्तक होतं.

तापीकाठच्या आमच्या गावांत पाण्याची बारी असते. बारी म्हणजे पाळी. एका पाटावर किंवा एका विहिरीवर पाच-सात घरांच्या केळी. आज तुझं पाणी, उद्या माझं. कुठे लिहिलेलं नसतं. घराघरांत भांडण असो, बोलणं बंद असो, बारी चुकवायची नाही. महाजन सर वर्षानुवर्षं मोटरसायकलवर हिंडले. दापोऱ्यापासून थेट डोईफोडियापर्यंत, जंगलाच्या कडेला. बांधावर बसून म्हाताऱ्यांशी बोलले, पाटांचे नकाशे काढले आणि इंग्रजीत पुस्तक लिहिलं. परदेशातल्या एका नावाजलेल्या प्रकाशनाने ते तपासून, दुरुस्त करून घेऊन, मनापासून स्वीकारलं. साड्यांचा धोका नाही!

त्या दिवशी सरांनी मावा जिलेबी आणली. आम्ही खात असतानाच पुढचं पत्र आलं. दोन रस्ते आहेत. एक, पुस्तक विकत राहील. किंमत एवढी की एका प्रतीत आमच्या लायब्ररीचं भूगोलाचं वर्षाचं बजेट संपावं. दुसरा, पुस्तक सगळ्या जगाला खुलं. पण त्याचा खर्च लेखकाने द्यायचा. चौकसे सरांनी तो आकडा रुपयांत करून बघितला आणि हातातली जिलेबी परत बशीत ठेवली.

"लिखा आपने," ते म्हणाले. "जाँचा किसी दूसरे प्रोफेसर ने, मुफ़्त में. और पैसा भी आप देंगे?"

महाजन सर समजावत होते. ही फसवणूक नव्हे, त्यांनाही संपादक लागतात, माणसं लागतात, तिकडे विद्यापीठच हे पैसे भरतं. मग आमचे प्राचार्य काय म्हणाले? "उत्तम! अभिमान आहे! पण आपल्या बजेटात याचं हेड नाही."

पत्रात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की गरीब देशांतल्या लेखकांना शुल्क माफ. सरांनी लगेच अर्ज केला. उत्तर फार नम्र होतं. आपला देश त्या यादीत बसत नाही, क्षमस्व.

चौकसे सरांनी बशीतली जिलेबी परत उचलली. "बधाई हो महाजन साहब. हम लोग अमीर हो गए!"

*

यानंतरचा किस्सा दापोऱ्याचा, महाजन सरांनीच सांगितलेला.

सरांचे वडील नाना. ऐंशीच्या पुढचे, डोळे अधू, पण रोज बागेत चक्कर असायची. सरांच्या पुस्तकातली पहिली मुलाखत नानांची. तेव्हापासून नानांचा एकच प्रश्न, पुस्तक कधी वाचून दाखवतोस? आपण सांगितलेलं पोराने कसं लिहिलंय, ते त्यांना कानांनी ऐकायचं होतं. बाकी प्रमोशनशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

सर बागेत गेले आणि सगळं सांगितलं. केळीचे घड कापून गाडीत भरणं चालू होतं. नानांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे केळी आपली," नाना म्हणाले.

"हो."

"कटाई आपली."

"हो नाना."

"आन् येपाऱ्याले पैसे बी आपुनच द्यायचे?"

"हो. पण मग खाणाऱ्याला फुकट मिळतात."

हे नानांना पटलं. खाणाऱ्याला फुकट मिळतं यात वाईट काय? त्यांनी मान डोलावली. "मंग दे की. यंदाच्या बागंचा पैसा घे. मी कुठं नेऊ?"

सर म्हणाले, "नाना, ते इंग्रजीत आहे. पैसे भरले तरी तुम्हाला नाही समजणार."

नानांनी भरत्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "साऱ्या दुनियाची बारी आली म्हण. माही कवा येईल?"

*

त्याच साली आमच्या कॉलेजने सेमिनार घेतला. विषय होता 'ज्ञान सर्वांसाठी खुले'. फाटकावर मोठा बॅनर. बॅनरखाली टेबल, टेबलावर पावतीपुस्तक. नोंदणी केल्याशिवाय आत प्रवेश नाही!

महाजन सर बोलणार होते, म्हणून नाना दापोऱ्याहून आले. धुतलेलं धोतर, टोपी. फाटकावर अडवले गेले. "बाबा, बॅज कहाँ है?" नानांकडे बॅज कुठला? सर आत मंचावर, फोन बंद. नाना बॅनरच्या सावलीत उभे राहिले.

चौकसे सर पान खायला बाहेर आले तेव्हा त्यांनी हे बघितलं. त्यांनी आपल्या गळ्यातला बॅज काढून नानांच्या गळ्यात घातला आणि स्वतः पानवाल्याकडे जाऊन बसले. नाना आत गेले, पुढच्या रांगेत बसले. 'डॉ. चौकसे, वाणिज्य' म्हणून त्यांना फाइल मिळाली, पेन मिळालं, जेवण मिळालं. समारोपाला नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या मुलीने त्यांना उठवलं. नानांनी प्रमुख पाहुण्यांच्या हातून प्रमाणपत्र घेतलं, फोटोही निघाला.

संध्याकाळी मी विचारलं, "नाना, कसं झालं?"

"बाई, वरण लय चांगलं व्हतं," नाना म्हणाले. "आमचा सुभाष काय बोलला, ते नाही समजलं."

ते प्रमाणपत्र दापोऱ्याच्या घरात फ्रेम करून लावलंय. देवघराच्या बाजूला. डॉ. चौकसे दर वेळी गेले की त्याच्याखाली बसतात.

*

पत्राचं उत्तर द्यायची मुदत संपत आली. सोनवणे सर म्हणत होते, "भरून टाका, पीएफमधून काढा. पॉइंट मिळतील, प्रोफेसर व्हाल. ही कंपनी साडीवाल्याची नाही." त्यात तथ्य होतं. चौकसे सर म्हणत होते, एक पैसा देऊ नका. तथ्य त्यातही होतं. महाजन सर दोघांनाही 'हूं' म्हणायचे आणि चहा प्यायचे.

एक दिवस त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मी मराठीत केलं तर शुद्धलेखन बघाल?"

"मराठीत? पॉइंट मिळत नाहीत त्याचे."

"माहीत आहे."

त्यांनी प्रकाशनाला कळवलं. शुल्क भरू शकत नाही, पुस्तक तुमच्या किमतीने विका. माझी एकच विनंती आहे. मराठी अनुवादाचा हक्क माझ्याकडे ठेवा आणि तो मी कुणालाही फुकट वाचू देईन, याला हरकत नसावी.

आम्हाला वाटलं, आता वकील येणार, करार येणार, महिने जाणार. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. एका ओळीत परवानगी, खाली एक वाक्य. 'त्या भाषेत आम्हाला बाजारपेठ दिसत नाही.'

मराठी विभाग म्हणून मला राग यायला हवा होता. पण महाजन सर एवढे खुश झाले की मीही हसले. अख्खी भाषा फुकटात मिळाली होती!

*

मराठी करायला वर्ष गेलं. त्या हिवाळ्यात नानांची तब्येत उतरली. बागेत जाणं थांबलं, खाटेवर असायचे. रोज संध्याकाळी सरांना फोन यायचा, "कितीक ऱ्हायलं?" सर सांगायचे, "तिसरं प्रकरण चालू आहे." माझ्याकडे पानं आली की मी रात्रीच्या भाकरी बाजूला ठेवून आधी ती बघायची. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? म्हातारं माणूस, थंडीचे दिवस.

श्रावण लागायच्या आत पुस्तक झालं. नाना तोवर काठी घेऊन ओट्यापर्यंत यायला लागले होते. सर म्हणाले, "नाना, आता घरी बसून वाचतो तुम्हाला."

"घरी काहून?" नाना म्हणाले. "श्रावणात पोथी लागते ना देवळात? यंदा हीच लावू. परसाद माह्याकडून."

आमच्याकडे पोथी लावायची रीत अशी, की जो यजमान असेल त्याने प्रसादाचा खर्च करायचा. ऐकणाऱ्याने फक्त यायचं आणि ऐकायचं. चौकसे सर हे ऐकून चकित! "अरे, ये तो वही है! ओपन ॲक्सेस!"

तर दापोऱ्याच्या देवळात पुस्तक लागलं. रोज संध्याकाळी एक प्रकरण. आम्ही तिघेही जायचो, सोनवणे सरांच्या गाडीतून. चौरंगावर लाल कापड, त्यावर सरांचा लॅपटॉप. पहिल्याच दिवशी कुणी तरी त्याला हार घातला. एका बाईचा हात हळदकुंकवाच्या वाटीकडे गेला, तेव्हा सर घाईने म्हणाले, "काकू, बटणांवर नको, झाकणावर लावा."

सर वाचायला लागले. लोक मांडी घालून, हात जोडून. वाचता वाचता सर सवयीने म्हणाले, "आकृती एक पाहा." झालं! अख्खं देऊळ उठलं. बायकांची एक रांग, पुरुषांची एक. प्रत्येकाने लॅपटॉपपाशी यायचं, पाटाचा नकाशा बघायचा, नमस्कार करायचा आणि पुढे सरकायचं. एक आकृती सरायला अर्धा तास लागला. प्रकरण संपलं की गजर व्हायचा, "बोला तापीमाय की जय!" तक्ता क्रमांक दोननंतरसुद्धा झाला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत. असल्या पुस्तकात माणसांची नावं छापत नाहीत, नियम आहे. सर वाचत होते, "शेतकरी क्रमांक चार सांगतात की दुष्काळाच्या वर्षी त्यांनी आपली बारी शेजारच्या विधवा बाईंना दिली."

मागून आवाज आला, "ओ मास्तर! तो मी!"

सर थांबले. "हो आप्पा. पण नाव गुप्त ठेवायचं असतं."

"काहून? म्या काय चोरी केली का? नाव घे!"

मग पाच नंबर उठला, मग सात नंबर. सोनवणे सर माझ्या कानाशी कुजबुजले, "संशोधनाची नीतिमत्ता गेली, मॅडम." पण त्या दिवसापासून सरांनी नंबर सोडून नावंच घेतली. ज्याचं नाव यायचं, तो ताठ बसायचा. नानांचं नाव आलं तेव्हा नानांनी फक्त डोळे मिटले. पहिल्या रांगेत, खांबाला टेकून, ते रोज बसायचे. एकही संध्याकाळ चुकवली नाही.

शेवटच्या दिवशी देवळात जागा उरली नाही. सरांनी निष्कर्ष वाचला, पाणी प्यायलं, लॅपटॉप मिटला. प्रसादाची केळी तयार होती. पण कुणी उठेना.

गावातल्या गंगूकाकू पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, फलश्रुती ऱ्हायली."

पोथी संपली की ती ऐकणाऱ्याला काय फळ मिळेल, ते शेवटी सांगतात. त्याशिवाय पोथी पुरी होत नाही, आणि कुणी उठत नाही. सर गोंधळले. "काकू, यात फलश्रुती नसते. शेवटी संदर्भसूची असते."

"मंग ते वाच."

सरांनी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि खरंच वाचायला लागले. इंग्रज लेखकांची नावं, पुस्तकांची नावं, पृष्ठसंख्या. लोक हात जोडून ऐकत होते. चार-पाच नोंदी झाल्यावर काकूंनी मान हलवली. "हे फळ नव्हं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मराठी विभाग, पण मलाही काही सुचेना.

तेव्हा नाना काठीवर जोर देऊन उभे राहिले. सर धरायला उठले, तर त्यांना हातानेच बस म्हणाले. टोपी नीट केली. पोथी सांगणाऱ्याचा असतो तसा लांब सूर लावला.

"हे जो कोनी ऐकंल," नाना म्हणाले, "त्याची बारी कवाच चुकनार नाही."

"बोला!" मागून कुणी तरी म्हणालं, आणि पहिला 'जय' सोनवणे सरांचा आला.